नेपाळचा नकाशा घरबसल्या कसा करावा: वाटा, शहरं आणि माणसं एकाच कागदावर

शाळेच्या नकाशावहीत एका देशाची तीन पानं असतात. एकावर शहरं, दुसऱ्यावर रस्ते आणि रेल्वे, तिसऱ्यावर तिथले समाज आणि भाषा. तिन्ही पानं बरोबर असतात, पण शेजारी ठेवून पाहिली तरी देश कळत नाही. नेपाळच्या बाबतीत हे फारच जाणवतं. रस्ता कुठून गेला त्यावर तिथे कोणतं गाव फुगलं आणि कोणतं ओस पडलं हे ठरलं. कोणता समाज डोंगर उतरून खाली आला, हेही पुष्कळदा त्यावरच ठरलं. म्हणून इथे सांगतो आहे ती पद्धत तिन्ही पानं जमिनीच्या थरासह एकाच कागदावर आणण्याची आहे आणि तिचा क्रम ठरलेला आहे: आधी जमीन, मग वाटा, मग शहरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं.

उदाहरणाला नेपाळ घेण्याची कारणं सरळ आहेत. देश एका माणसाच्या आवाक्यातला आहे. २०२१च्या जनगणनेचे तक्ते खुले आहेत. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या ऑनलाइन नकाशावर तिथले रस्ते आणि घरं रेखाटली, त्यामुळे डोंगरी भागाचाही खुला नकाशा चांगला भरलेला आहे. आणि आपल्यासाठी आणखी एक सोय: नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे पालिकांची नावं आणि सरकारी तक्त्यांचे मथळे मराठी वाचकाला थेट वाचता येतात.

कागद आणि प्रमाण आधी ठरवा

संगणकावर नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो, म्हणून लोक प्रमाण ठरवायचं टाळतात आणि शेवटी सगळं कोंबलेला, वाचता न येणारा नकाशा हातात येतो. नेपाळचा पूर्व-पश्चिम पसारा सरळ मोजला तर सुमारे ८०० किलोमीटर आहे आणि दक्षिणोत्तर सुमारे ४५०. (पुस्तकांत ८८५ किलोमीटर लांबी दिसते, ती देशाच्या तिरक्या अंगाने मोजलेली असते.) १:२५,००,००० हे प्रमाण घेतलं, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर, तर देश ३२ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर उंच होतो. ए-३ आडव्या कागदावर तो नीट बसतो. देश वायव्येकडून आग्नेयेकडे कललेला असल्यामुळे वरचा उजवा आणि खालचा डावा कोपरा मोकळा राहतो. वरच्या कोपऱ्यात काठमांडू खोऱ्याचा मोठा केलेला तुकडा आणि खालच्या कोपऱ्यात चिन्हांची सूची, अशी जागा पहिल्याच दिवशी राखून ठेवा.

सामान

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. साधा लॅपटॉप चालतो. आणायच्या गोष्टी चार: स्थानिक पालिकांच्या हद्दी, जनगणनेचे तक्ते, ओपनस्ट्रीटमॅपचा नेपाळचा संच (जिओफॅब्रिकच्या संकेतस्थळावर पूर्ण देश एका फाइलमध्ये मिळतो) आणि उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने केलेल्या मोजणीचा, ३० मीटरचा डेटा. हद्दींच्या फाइली ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंजवर मिळतात. जनगणनेचे तक्ते नेपाळच्या राष्ट्रिय तथ्याङ्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर आहेत. सरकारी कागदांवर विक्रम संवत असतो, तेव्हा २०७८ दिसलं की ती २०२१चीच जनगणना समजा.

हद्दींचा प्रश्न इथेच मिटवून टाका. २०१५च्या संविधानानंतर नेपाळमध्ये ७ प्रदेश, ७७ जिल्हे आणि ७५३ स्थानिक पालिका आहेत: ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गाउँपालिका. फाइल उघडल्यावर ७५३पेक्षा जास्त पॉलिगॉन (हद्दींचे बंदिस्त आकार) दिसले तर गोंधळून जाऊ नका. राष्ट्रीय उद्यानं आणि शिकार आरक्ष कित्येकदा वेगळे तुकडे म्हणून दिलेले असतात आणि ते पुढे आपल्या उपयोगीच पडतात.

लिपुलेख, कालापानी आणि लिम्पियाधुरा या भागावर भारत आणि नेपाळ दोघांचाही दावा आहे. नेपाळने २०२०मध्ये तो भाग धरून नवा अधिकृत नकाशा काढला आणि देशाचं क्षेत्रफळ १,४७,१८१ ऐवजी १,४७,५१६ चौरस किलोमीटर झालं. भारतात नकाशा प्रसिद्ध करणाऱ्याने भारताची बाह्य हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाप्रमाणेच दाखवायची असते. तसं न करणं १९६१च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेली हद्द तशीच छापू नका, वायव्येचा कोपरा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घ्या. तुम्ही कोणती हद्द घेतली आहे ते सूचीत एका ओळीत लिहा.

पहिला थर: जमीन

यूटीएम ही जगाचे उभे पट्टे पाडून नकाशे करण्याची रूढ पद्धत. नेपाळ तिच्या दोन पट्ट्यांत विभागला जातो, ४४ आणि ४५, आणि त्यांची शिवण ८४ अंश पूर्व रेखांशावर, देशाच्या जवळजवळ मधोमध येते. त्यातला कोणताही एक पट्टा सगळ्या देशाला लावला तर दुसऱ्या टोकाची क्षेत्रफळं चुकतात. ८४ अंश हा मध्य रेखांश धरून स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) बनवा आणि पूर्ण प्रकल्प त्यातच ठेवा. नेपाळच्या नापी विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे (तराई आणि मधले डोंगर १:२५,०००, उंच हिमाल १:५०,०००) वापरणार असाल तर ते एव्हरेस्ट १८३० या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेले आहेत हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. नाहीतर रस्ता नदीतून गेलेला दिसतो.

उंचीच्या डेटावरून फिकट छाया तयार करा आणि त्यावर फक्त मोठ्या नद्या घाला: कोशी, गण्डकी, कर्णाली, महाकाली, आणि त्यांच्या मुख्य उपनद्या. हा थर मुद्दाम फिका ठेवायचा. पण तो वगळायचा नाही. तराईची सपाटी, चुरे डोंगररांग, महाभारत रांग, मधले डोंगर आणि हिमाल असे पट्टे पूर्व-पश्चिम धावतात, तर नद्या त्यांना उत्तर-दक्षिण कापतात. पुढचे सगळे रस्ते या कापांमधूनच वाट काढतात.

दुसरा थर: वाटा

ओपनस्ट्रीटमॅपचा संच उघडला की लाखो रेषा दिसतील. आधी ‘ट्रंक’ आणि ‘प्रायमरी’ या मुख्य रस्त्यांच्या दोनच वर्गांच्या रेषा ठेवा आणि बाकीच्या लपवा. मग नावं ओळखायला लागा.

पहिली रेषा महेंद्र राजमार्गाची. पूर्वेला मेची नदीकाठच्या काकडभिट्ट्यापासून पश्चिमेला महाकालीकाठच्या गड्डाचौकीपर्यंत १,०२८ किलोमीटर. तिचे वेगवेगळे तुकडे भारत, सोव्हिएत संघ, ब्रिटन अशा देशांच्या मदतीने बांधले गेले. हा रस्ता होण्याआधी पूर्व तराईतून पश्चिम तराईत जायचं तर माणूस खाली भारतात उतरायचा, रेल्वेने जायचा आणि पुन्हा वर नेपाळमध्ये शिरायचा. हे लक्षात ठेवा, शहरांच्या थराची किल्ली त्यातच आहे.

दुसरी, त्रिभुवन राजपथ. १९५०च्या दशकात भारताच्या मदतीने झालेला, तराईतून काठमांडूला नेणारा पहिला मोटाररस्ता. तो सिमभञ्ज्याङ या सुमारे २,५०० मीटर उंचीच्या खिंडीतून जातो. तिसरी, पृथ्वी राजमार्ग, काठमांडूकडून पोखऱ्याला, त्रिशूली आणि मर्स्याङ्दी यांच्या काठाने. त्यावरच्या मुग्लिंगला नारायणगढहून वर येणारा ३६ किलोमीटरचा तुकडा मिळतो. हा छोटा तुकडा जाड रेषेने काढा. तराईतून राजधानीकडे जाणारी बहुतेक जड वाहतूक याच घळईतून जाते आणि पावसाळ्यात दरड कोसळली की काठमांडूची रसद अडते. याखेरीज काठमांडू ते कोदारी हा अरनिको राजमार्ग, सुनौलीकडून बुटवल, तानसेनमार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग, बर्दिबास ते धुलिखेल हा जपानच्या मदतीने झालेला बीपी राजमार्ग, आणि सुर्खेत ते जुम्ला हा २३२ किलोमीटरचा कर्णाली राजमार्ग, एवढे आले की सांगाडा उभा राहतो. मधल्या डोंगरांतून पूर्व-पश्चिम जाणारा पुष्पलाल राजमार्ग तुटक रेषेने दाखवा, कारण त्याचे सगळे भाग सारख्या अवस्थेत नाहीत.

आता खरं काम. किलोमीटर काढून टाका आणि तास घाला. काठमांडू ते पोखरा हे अंतर जेमतेम २०० किलोमीटर आहे, पण बसला सहा-आठ तास लागतात आणि रस्त्याचं काम किंवा दरड असेल तर आणखी. प्रत्येक रेषेला एक वेग द्या. मी तराईतल्या डांबरी रस्त्याला ताशी ४५ किलोमीटर, डोंगरी डांबरीला २५ आणि कच्च्या डोंगरी रस्त्याला १० असे वेग धरतो. ते अंदाजी आहेत, पण सगळ्या देशाला एकच वेग लावण्यापेक्षा कितीतरी बरे. लांबीला वेगाने भागलं की तास मिळतात. मग रेषेची जाडी रस्त्याच्या वर्गावर आणि रंग पक्का-कच्चा यावर ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर ‘सरफेस’ हा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामा असतो. तिथे उपग्रहचित्र उघडून डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

रस्ते संपतात तिथे पायवाटा आणि झोलुंगे पूल सुरू होतात. हे लटकते पूल देशात हजारोंनी आहेत. नदीच्या दोन काठांवरची गावं समोरासमोर दिसत असतात, पण पूल नसेल तर त्यांच्यात दिवसभराचं अंतर पडतं. पूर्ण देशाच्या नकाशात ते मावणार नाहीत. मात्र एखाद्या जिल्ह्याचा मोठा तुकडा काढत असाल तर ते वगळू नका.

विमानतळांसाठी दोन चिन्हं ठेवा. एक आंतरराष्ट्रीय: काठमांडूचं त्रिभुवन, २०२२मध्ये सुरू झालेलं भैरहवाचं गौतम बुद्ध आणि २०२३च्या १ जानेवारीला उघडलेलं पोखऱ्याचं. दुसरं चिन्ह डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांचं: लुक्ला, सिमीकोट, जुम्ला, डोल्पाचं जुफाल. हुम्ल्यासारख्या जिल्ह्यात तांदूळसुद्धा वर्षानुवर्षं विमानाने गेला आहे, त्यामुळे तिथली धावपट्टी हीच जिल्ह्याची मुख्य वाट समजून दाखवावी. रेल्वेबद्दल लिहायला फारसं नाही. बिहारच्या जयनगरहून जनकपूरकडे जाणारी गाडी २०२२च्या एप्रिलमध्ये ब्रॉडगेजवर पुन्हा सुरू झाली. तेवढी रेषा काढा.

एक सवय आत्ताच लावून घ्या: प्रत्येक वाटेच्या नोंदीला ‘कधीची माहिती’ असा तारखेचा रकाना ठेवा. सप्टेंबर २०२४च्या पुराने बीपी राजमार्गाचे मोठे तुकडे वाहून गेले. जुलै २०२५मध्ये रसुवागढीचा चीनकडे नेणारा मितेरी पूल वाहून गेला. तारीख नसलेली रेषा अशा ठिकाणी माणसाला फसवते.

तिसरा थर: शहरं

इथे सरकारी व्याख्या बिनबोभाट मान्य केली तर नकाशा बिघडतो. नगरपालिका, उपमहानगरपालिका आणि महानगरपालिका मिळून २९३ होतात आणि त्यांत देशाची ६६ टक्के लोकसंख्या राहते. पण ‘नेपाळ ६६ टक्के शहरी आहे’ असं लिहिलं तर ते खरं होणार नाही, कारण २०१४ ते २०१७ या काळात अनेक खेडी एकत्र करून नगरपालिका आखल्या गेल्या आणि त्यांच्या हद्दीत भातशेतं आणि जंगलं आहेत. लोकवस्तीच्या घनतेवरून सांख्यिकी कार्यालयानेच नंतर वर्गवारी केली, तेव्हा खरी शहरी लोकसंख्या सुमारे २७ टक्के निघाली. महानगरपालिकांतही हाच फरक आहे. पोखरा महानगर ४६४ चौरस किलोमीटरचं आणि काठमांडू महानगर ५० चौरस किलोमीटरचंही नाही.

म्हणून पालिकेच्या हद्दीचा मध्यबिंदू काढून तिथे शहराचं वर्तुळ ठेवू नका. तो बिंदू पुष्कळदा टेकडीवर किंवा जंगलात पडतो. ओपनस्ट्रीटमॅपवरचा घरांचा थर सुरू करा, दाट घरं कुठे आहेत ते पाहा आणि बाजाराच्या चौकात वर्तुळ बसवा. वर्तुळाचा आकार लोकसंख्येवर ठेवता येतो. त्यापेक्षा मला दुसरी वर्गवारी अधिक उपयोगी वाटते: हे गाव कशामुळे वाढलं? सीमेवरचा नाका, महामार्गावरचा चौक, जुनी डोंगरी बाजारपेठ, जिल्ह्याचं सदरमुकाम, तीर्थ किंवा पर्यटन, अशी पाच चिन्हं पुरतात.

ही चिन्हं लावत तराईतून पश्चिमेकडे सरकलात की एक गोष्ट आपोआप दिसायला लागते. शहरं दोन समांतर ओळींत आहेत. खालची ओळ सीमेजवळची: विराटनगर, जनकपूर, वीरगंज, भैरहवा, नेपाळगंज. या प्रत्येकाच्या समोर भारतीय बाजूला रेल्वेचं टोक आहे: जोगबनी, जयनगर, रक्सौल, नौतनवा, रुपईडिहा. डोंगरातला माल इथे उतरायचा आणि आगगाडीतून आलेलं मीठ, कापड, रॉकेल इथून वर चढायचं. वरची ओळ महेंद्र राजमार्गावरची: इटहरी, ढल्केबर, पथलैया, बुटवल, कोहलपूर. यातलं बुटवल जुनं आहे. बाकीच्यांना आजचं रूप राजमार्गाने दिलं. वरचं आणि खालचं गाव मिळून जोडी होते, मधलं अंतर बहुधा पंधरा ते पस्तीस किलोमीटर: विराटनगर आणि इटहरी, भैरहवा आणि बुटवल, नेपाळगंज आणि कोहलपूर. या जोड्या नकाशात बारीक उभ्या रेषांनी जोडा. तराईचं नागरीकरण समजून घ्यायला यापेक्षा सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

डोंगरात एक जोडी जवळून पाहण्यासारखी आहे: तनहुँ जिल्ह्यातली बन्दिपूर आणि डुम्रे. बन्दिपूर हजारएक मीटर उंचीच्या सोंडेवर आहे. भक्तपूरकडून आलेल्या नेवार व्यापाऱ्यांनी ती पेठ वसवली, कारण खालची खोरी हिवतापाने ग्रासलेली होती आणि पायी चालणारा व्यापार सोंडेवरूनच जायचा. विटांच्या तिमजली माड्या, फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं अशी ती पेठ होती. मग हिवताप आटोक्यात आला, पृथ्वी राजमार्ग खालून नदीकाठाने गेला आणि सोंडेच्या पायथ्याशी, सुमारे आठ किलोमीटर उताराखाली, डुम्रे हा चौक उभा राहिला. जिल्ह्याचं सदरमुकामही दमौलीला गेलं. बन्दिपूरचे व्यापारी नारायणगढ, पोखरा, काठमांडूला पांगले. पुढे पर्यटनाने ती पेठ पुन्हा जागती झाली. नकाशात बन्दिपूरला जुन्या पेठेचं चिन्ह द्या, डुम्रेला चौकाचं, आणि सोंडेवरून जाणारी जुनी पायवाट ठिपक्यांनी दाखवा. तेवढ्याशा जागेत शंभर वर्षांचा इतिहास मावतो.

चौथा थर: माणसं

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. सर्वांत जास्त नुकसानही इथेच होऊ शकतं.

२०२१च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २,९१,६४,५७८ होती आणि १४२ जाती-जनजाती नोंदल्या गेल्या. सर्वांत मोठे गट: क्षेत्री १६.४५ टक्के, पहाडी ब्राह्मण ११.२९, मगर ६.९०, थारू ६.२०, तामाङ ५.६२, विश्वकर्मा ५.०४, मुसलमान ४.८६, नेवार ४.६०, यादव ४.२१, राई २.२०. म्हणजे कुठलाच एक गट देशाच्या पाचव्या भागाइतकासुद्धा नाही. नकाशाची पद्धत ठरवताना हे आकडे समोर ठेवा.

तक्ता हद्दींना जोडण्याचं काम किचकट आहे, पण एकदा नीट केलं की संपलं. नावावरून जोडू नका. गोदावरी नावाची नगरपालिका ललितपूरमध्ये आहे आणि कैलालीतही आहे. रोमन लिपीतल्या फाइलींमध्ये कपिलवस्तू कुठे ‘व’ने तर कुठे ‘ब’ने लिहिलेलं असतं, तनहुँच्या शेवटी कधी ‘न’ असतो आणि कधी नसतो. पालिकेचा सरकारी क्रमांक दोन्ही फाइलींत आणा आणि त्यावर जॉइन लावा, म्हणजे त्या क्रमांकावरून दोन्ही फाइली जोडा. जॉइन झाल्यावर रकाने रिकामे दिसले तर बहुधा एका फाइलीत तो क्रमांक आकडा म्हणून आहे आणि दुसरीत अक्षर म्हणून. दोन्ही सारखे करा. शेवटी सगळ्या पालिकांची बेरीज देशाच्या एकूण आकड्याशी जुळते का ते पाहा. ती जुळेपर्यंत रंगाला हात लावू नका.

आता रंग. बहुतेक जण प्रत्येक जिल्ह्याला तिथल्या सर्वांत मोठ्या गटाचा रंग देतात. असा नकाशा दिसायला देखणा होतो. पण विश्वकर्मा समाज पाहा. देशात सहाव्या क्रमांकाचा, लोहारकाम आणि सोनारकाम करत आलेला दलित समाज. तो जवळजवळ सगळ्या डोंगरी जिल्ह्यांत थोडाथोडा विखुरलेला आहे आणि क्वचितच कुठे सर्वांत मोठा गट ठरतो. बहुसंख्येच्या रंगांत पंधरा लाखांच्या आसपास माणसं दिसेनाशी होतात. परियार आणि मिजार या दलित समाजांचंही तेच. दुसरा दोष क्षेत्रफळाचा. डोल्पा जिल्हा ७,८८९ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या कागदावर साडेबारा चौरस सेंटिमीटर, आणि तिथे माणसं आहेत सुमारे ४३ हजार. काठमांडू महानगरात साडेआठ लाखांहून जास्त लोक आहेत आणि कागदावर त्यांना आठ चौरस मिलिमीटर जागा मिळते. भरीव रंगाचा नकाशा डोळ्यांना डोल्पाच मोठा सांगतो.

त्यामुळे ठिपके वापरा. एक ठिपका एक हजार माणसांचा धरला तर देशभर सुमारे २९,००० ठिपके होतात, ए-३ला ते योग्य आहेत. क्यूजीआयएसमध्ये पॉलिगॉनच्या आत यादृच्छिक बिंदू टाकण्याचं साधन आहे. प्रत्येक गटासाठी ‘लोकसंख्या भागिले हजार’ असा रकाना बनवून ते एकेकदा चालवा. पण त्याआधी माणसं जिथे राहत नाहीत ती जमीन कापून टाका: साडेचार हजार मीटरच्या वरचा भाग, नद्यांची पात्रं आणि चितवन, बर्दिया यांसारखी राष्ट्रीय उद्यानं (ते वेगळे पॉलिगॉन इथे कामाला आले). नाहीतर शेर्पांचे ठिपके हिमनदीवर आणि थारूंचे गेंड्यांच्या गवतात पडतात. सगळ्या गटांचे ठिपके एकाच फाइलीत मिसळा आणि त्यांचा क्रम यादृच्छिक ठेवा, म्हणजे एका गटाचा रंग दुसऱ्यावर चढत नाही. काठमांडू खोऱ्यात तीनेक हजार ठिपक्यांचा गोळाच होईल. त्यासाठीच वरच्या उजव्या कोपऱ्यात मोठा तुकडा राखला होता.

१४२ रंग कोणालाही ओळखता येत नाहीत. दहा-बाराच ठेवा आणि बाकीचे गट एकत्र करताना कोणाला कोणात टाकलं ते सूचीत स्पष्ट लिहा. तराईतल्या सगळ्यांना ‘मधेसी’ या एका रंगात घालू नका. थारू स्वतःला मधेसी म्हणवत नाहीत, मुसलमानांची नोंद वेगळी होते, आणि मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणाऱ्यांतही यादव, तेली, कोइरी, मुसहर असे निराळे समाज आहेत. मातृभाषेचा नकाशा वेगळाच करा. नेपाळी ही ४४.८६ टक्के लोकांची मातृभाषा आहे, मैथिली ११.०५ टक्के लोकांची. कित्येक मगर, नेवार आणि राई कुटुंबांत आज घरची भाषा नेपाळी आहे, त्यामुळे भाषेवरून समाज ओळखता येत नाही.

दोन जनगणनांची तुलना करताना आणखी सावध राहा. राईंची संख्या २००१मध्ये ६,३५,१५१ होती, २०११मध्ये ६,२०,००४ झाली. समाज घटला असं वाटतं. प्रत्यक्षात २०११मध्ये कुलुङ, थुलुङ, याम्फू, चाम्लिङ अशा शाखा वेगळ्या नोंदल्या गेल्या. हद्दीही बदलल्या आहेत. २०११मध्ये ७५ जिल्हे होते. रुकुम आणि नवलपरासी यांचे दोन-दोन भाग झाले आणि ७७ झाले. अखंड रुकुमच्या आकड्यात मगर वस्ती क्षेत्रींच्या संख्येत मिसळून जायची, पूर्व रुकुम वेगळा झाल्यावर ती ठळक दिसते. लोक तिथेच होते, फक्त रेघ हलली. शिवाय २०२१मध्ये सुमारे २२ लाख माणसं परदेशात असल्याची नोंद झाली. ती देशातल्या लोकसंख्येत धरलेली नाहीत. गल्फमध्ये आणि मलेशियात गेलेल्या तरुणांमुळे डोंगरी जिल्ह्यांतले ठिपके विरळ झाले आहेत, आणि तीसपेक्षा जास्त जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत घटली.

फार छोट्या समाजांबद्दल एक नियम मी कटाक्षाने पाळतो. कुसुन्डा हे देशभरात काहीशेच आहेत. राऊटे जंगलातून फिरते राहतात. हजारांच्या ठिपक्यात ते येणारच नाहीत, आणि त्यांची नेमकी वस्ती दाखवणारा बिंदू टाकणं बरोबर नाही. त्या गटांची नावं सूचीत वेगळ्या चौकटीत, जिल्ह्यांच्या नावांसह लिहा. एवढ्याने त्यांची नोंद राहते आणि कोणाच्या दारापर्यंत बाण जात नाही.

हा विषय नेपाळमध्ये किती नाजूक आहे याचीही जाणीव ठेवा. प्रदेश जातीय ओळखीवर आखायचे की नाही या वादात २०१२मध्ये पहिली संविधानसभा संपुष्टात आली. २०१५मध्ये तराईत आंदोलन पेटलं. पूर्वेकडच्या प्रदेशाला २०२३मध्ये ‘कोशी’ हे नाव दिल्यावर किराती (राई, लिम्बू वगैरे पूर्वेकडच्या समाजांच्या) संघटना रस्त्यावर आल्या. तुमच्या नकाशात ‘लिम्बुवान’ असं लिम्बूंच्या मुलखाचं जुनं नाव मोठ्या अक्षरांत छापलं तर वाचणारा त्याचा राजकीय अर्थ लावेल. ऐतिहासिक नाव द्यायचंच असेल तर तिरक्या, फिकट अक्षरांत द्या आणि ते प्रशासकीय नाव नाही हे सूचीत सांगा.

चारही थर एकत्र सुरू केल्यावर

आता सगळे थर एकदम सुरू करा आणि तीन ठिकाणी थांबा. पहिलं चितवन. १९५०च्या दशकात डीडीटीची फवारणी झाली, राप्ती खोरं वस्तीला खुलं झालं आणि थारू, दराई, बोटे यांच्या मुलखात डोंगरातून बाहुन (पहाडी ब्राह्मण), क्षेत्री, गुरुङ, मगर, तामाङ, नेवार उतरले. पुढे राजमार्ग आला आणि भरतपूर महानगर झालं. ठिपक्यांत ते सगळे रंग मिसळलेले दिसतील.

दुसरं ठिकाण काली गण्डकीच्या वरच्या अंगाचं, थाकखोला. तिबेटी मीठ खाली आणि धान्य वर, या व्यापारावर तुकुचे भरभराटीला आलं आणि थकाली समाज सधन झाला. तिबेटशी व्यापार आटल्यावर थकाली कुटुंबं पोखरा, भैरहवा आणि काठमांडूकडे सरकली. महामार्गांवर दिसणारी ‘थकाली भान्साघर’ (थकाली स्वयंपाकघर) अशी पाटी त्याच स्थलांतराची खूण आहे.

तिसरं, तराईतल्या त्या जोड-शहरांकडे पुन्हा पाहा. खालच्या ओळीत मैथिली, भोजपुरी, अवधी बोलणाऱ्यांचे रंग दाट आहेत, वरच्या ओळीत डोंगरातून उतरलेल्यांचे. महाराष्ट्रातून पशुपतिनाथाला जाणारी कित्येक मंडळी गोरखपूर, सुनौली, भैरहवा, बुटवल अशी जातात. हा बदल त्यांना बसच्या खिडकीतून तासाभरात दिसतो.

छापण्याआधी

लेबलं सगळ्यात शेवटी लावा: आधी शहरं, मग नद्या, मग राजमार्गांची नावं, आणि प्रदेशांची नावं सर्वांत फिकट. नावं स्थानिक लेखनाप्रमाणे ठेवा. ‘तामाङ’, ‘गुरुङ’मधला ङ मराठी टंकात मिळतो, तो टाळू नका. रंग निवडताना लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकांचा विचार करा. क्यूजीआयएसमध्ये त्यांच्या नजरेने नकाशा पाहण्याची सोय आहे. एक प्रत कृष्णधवल छापून वाटा आणि शहरं तरी वाचता येतात का ते तपासा. सूचीच्या तळाशी हद्दींची, जनगणनेची आणि रस्त्यांची माहिती प्रत्येकी कोणत्या वर्षीची आहे ते लिहा, शिवाय ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा श्रेयनिर्देश करा, तो त्यांच्या परवान्याची अटच आहे. मग एखाद्या नेपाळी माणसाला, शक्यतो ज्या जिल्ह्याबद्दल तुम्हाला शंका आहे तिथल्याच, छापील प्रत आणि पेन्सिल द्या आणि तो खुणा करेल त्याप्रमाणे दुरुस्त्या करा.